नवी गाडी उसनी देताना

राणी वानखेडेने आयुष्यात बर्फ पाहिला तो फ्रीजमध्ये आणि मासळीच्या दुकानात. तरी बर्फावर धावणाऱ्या गाडीबद्दल, म्हणजे स्नोमोबाइलबद्दल, सगळ्या सिंगापूरमध्ये तिच्याइतकं कुणी बोलत नसेल. अकोल्याच्या उन्हात वाढलेली आणि सिंगापूरच्या चोआ चू कांग भागात बाराव्या मजल्यावर संसार थाटलेली ही बाई रोज ऑफिसात जाऊन हेडफोन लावते आणि फिनलंडच्या नाहीतर कॅनडाच्या कुणा अनोळखी माणसाला विचारते, की तुमची नवी गाडी कशी आहे? पट्टा नीट फिरतो का, हँडल लवकर गरम होतं का, भुसभुशीत बर्फात गाडी रुतते का? पलीकडच्याला वाटतं, बाई बर्फातच जन्मली असावी. एकाने तिला विचारलं होतं, तुमच्याकडे आज थंडी कितपत आहे. राणीने डोक्यावरच्या एसीकडे बघितलं आणि सांगितलं, शाल घ्यावी लागते इतकी. यात खोटं काही नव्हतं.

तिची कंपनी गाड्या बनवत नाही. बनवणारे वेगळे. नवं मॉडेल बाजारात गेलं, की ज्यांनी ते घेतलं त्यांचं प्रामाणिक मत विचारायचं आणि बनवणाऱ्यांना कळवायचं, एवढंच हिच्या कंपनीचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण नव्या गाडीच्या मालकाकडून प्रामाणिक मत काढणं म्हणजे लग्नाला महिना झालेल्या नवऱ्याला बायकोच्या हातच्या भाजीबद्दल विचारण्यासारखं आहे. आपला तो बाब्या. दहापैकी किती गुण द्याल असं विचारलं, की माणूस क्षणभर विचार केल्यासारखं करतो आणि नऊ म्हणतो. दहा म्हटलं तर आपण भोळे ठरू आणि आठ म्हटलं तर पैसे वाया गेले असं होईल, म्हणून नऊ. राणीच्या सहकाऱ्यांना या नवाचं काही वाटत नसे. ते आकडा टाकून पुढचा फोन लावत. राणीला मात्र तो नऊ टोचायचा.

तिचा स्वभावच तसा. नागपूरला संख्याशास्त्र शिकताना ती एकदा खेडोपाडी निर्धूर चुलींची पाहणी करायला गेली होती. प्रत्येक बाई म्हणाली, चूल छान आहे. राणी उठून थेट स्वयंपाकघरात गेली, तर चुलीवर मांजर झोपलेलं. तेव्हापासून अर्धवट उत्तरावर तिचा विश्वास बसत नाही. इथे सिंगापुरातसुद्धा चौदा एप्रिलला हॉल भाड्याने घेऊन जयंती साजरी होते, तेव्हा भाषण करणाऱ्याला शेवटी प्रश्न विचारायला राणीच उभी राहते, आणि नीट उत्तर मिळेपर्यंत ती खाली बसत नाही. भात निवतो, पोरं कुरकुरतात, पण बाई उभीच. मंडळातले लोक तिला भितात आणि कामं मात्र तिलाच सांगतात.

या हिवाळ्यात जे नवं मॉडेल आलं, त्याच्या मालकांमध्ये एरो नावाचा एक गृहस्थ होता. फिनलंडच्या अगदी उत्तरेला, रेनडिअर पाळणारा, साठीचा. पहिल्या फोनच्या वेळी त्याच्या मागे भांड्यांचा खडखडाट चालू होता. तो म्हणाला, माफ करा, स्वयंपाक सध्या मीच करतो, बायकोचा हात प्लास्टरमध्ये आहे. अंगणात घसरली. मग त्याने गाडीचं कौतुक केलं. इंजिन झकास, आवाज कमी, बसायला मऊ. वेगाच्या खटक्याबद्दल विचारलं तेव्हा मात्र तो जरा थांबला.

या गाडीचा वेग पायाने नाही, हाताने वाढवायचा असतो. हँडलपाशी एक खटका असतो. अंगठ्याने दाबला की गाडी पळते, सोडला की थांबते. एरो म्हणाला, खटका ठीक आहे, माझेच हातमोजे जुने झालेत. किती गुण? नऊ.

राणीने ते लिहून घेतलं. मालक स्वतःला दोष देत असेल तर ते उत्तर ‘वापरणाऱ्याची चूक’ या रकान्यात जातं, आणि तो रकाना अहवालात येत नाही. असा नियमच होता. पण त्या आठवड्यात कॅनडातल्या एका निवृत्त मास्तरीणबाईंनी सांगितलं, की खटका उत्तम आहे, माझाच अंगठा जाड आहे. आणखी एक जण म्हणाला, मला अजून सवय नाही. राणीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. एवढे सगळे लोक एकाच वेळी एकाच बाबतीत वेंधळे कसे झाले?

त्याच सुमाराला घरी एक प्रकरण घडलं.

राणीचा नवरा सुगत जुरोंग आयलंड या कारखान्यांच्या बेटावर इंजिनियर आहे. कंपनीच्या बसने जातो, कंपनीच्या बसने येतो, आणि त्या बसमध्ये बसून त्याने महिनाभर अभ्यास करून आईसाठी बॅटरीवर चालणारी तीन चाकी गाडी पसंत केली होती. कमलाबाईंचे गुडघे गेलेले. खालच्या बाजारात जायचं तर लेकाची वाट बघत बसावं लागायचं. गाडी आली तेव्हा सुगतने फोटो काढून अकोल्याला पाठवले. शेजाऱ्यांना, बसमधल्या लोकांना, सगळ्यांना तो सांगत सुटला. गाडी कशी आहे, हे कमलाबाईंना कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी लेकाने हौसेने आणलेल्या वस्तूला आई नावं ठेवणार होती थोडीच.

चिनी नववर्षाच्या आधी बाजारात संत्र्यांचे ढीग लागतात. अशा एका ढिगात कमलाबाई गाडीसकट घुसल्या. लागलं नाही, पण संत्री पार रस्त्यापर्यंत गडगडली. सुगत धावत खाली गेला. संत्री गोळा करता करता चार लोकांत आईवर चिडला, की आई, लक्ष कुठे असतं तुझं? कमलाबाई पदराने घाम पुसत म्हणाल्या, “माहंच चुकलं बाप्पा. गाडी चांगली आहे.” घरी आल्यावर नात जाईने ठरवून टाकलं, “आजी cannot drive lah.” सगळे हसले. कमलाबाईही हसल्या. राणीला हसू आलं नाही, पण का आलं नाही, हे तेव्हा तिलाही कळलं नाही.

ते कळलं पुढच्या शनिवारी. राणी कपडे वाळत घालत होती आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये कमलाबाई आणि शेजारच्या लिम आजी उभ्या होत्या. लिम आजींचा घोटा सुजला होता आणि त्यांना दवाखान्यात जायला ती गाडी हवी होती. या दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. वर्षानुवर्षं त्या हातवारे, थोडं बाजारी इंग्रजी आणि पुष्कळ आवाज यांच्यावर मैत्री चालवत आल्या आहेत. कमलाबाईंनी लिम आजींना गाडीवर बसवलं. मग त्यांचा अंगठा आपल्या हातात घेतला आणि खटक्यावर ठेवला.

“हा खटका लई द्वाड आहे बाई,” त्या म्हणाल्या. “धिस व्हेरी बॅड. लीव्ह, नो स्टॉप. अंगठा वर नाही उचलायचा, मधी अडकते. असा बाजूनं काढायचा. साइड, साइड. आन नाहीच थांबली तं हे लाल बटन. माह्यासारखी संत्र्यात नको जाऊ.”

राणीच्या हातातला ओला शर्ट हातातच राहिला. ज्या बाईने महिनाभर गाडीबद्दल तक्रारीचा चकार शब्द काढला नव्हता, लेकाचा ओरडा गप्प ऐकून घेतला होता, नातीच्या थट्टेवर हसून दाखवलं होतं, तिने शेजारणीला गाडी देताना मिनिटभरात सगळं सांगितलं. संत्र्यांतल्या धडकेचा दोष तिने आपल्यावर घेतला होता. पण दुसरीने तसंच धडकावं, हे तिला चालणार नव्हतं. राणीला सासूची इतकी माया आली आणि स्वतःचा असा राग आला, की ती तशीच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी तिने सुगतला गाडीवर बसवलं आणि अंगठा वर उचलायला लावला. दोनदा सुटला, तिसऱ्यांदा अडकला. दुसऱ्या दिवशी सुगत गाडी दुकानात घेऊन गेला आणि खटका बदलून आणला, आणि आईच्या हातात चहाचा कप देताना तिच्या नजरेला नजर देणं त्याला जड गेलं.

राणीचं घरचं काम तिथे संपलं आणि ऑफिसचं सुरू झालं. आपल्याकडे कुकर उसना देताना बाई सांगते, शिट्टी जरा हलवावी लागते हं. स्कूटर देताना माणूस सांगतो, चोक अर्धाच ओढा. वस्तूचा खरा स्वभाव बाहेर येतो तो ती उसनी देताना, आणि ही गोष्ट अकोल्यात खरी असेल तर बर्फातही खरी असायला हवी. सोमवारी तिने कॅनडाच्या मास्तरीणबाईंना पुन्हा फोन लावला. छापील प्रश्न बाजूला ठेवला आणि विचारलं, समजा शेजारीण तुमची गाडी एका दिवसासाठी मागायला आली, तर किल्ली देताना तिला काय सांगाल?

बाई जराही थांबल्या नाहीत. म्हणाल्या, सांगेन की जाड हातमोजे घालू नकोस, अंगठा हँडलच्या ढालीत अडकतो आणि खटका परत येत नाही. गाडी पळतच राहते. लगेच लाल बटण दाब. मग राणीने दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. ज्यांनी नऊ दिले होते तेच लोक शेजाऱ्याला वाचवण्यासाठी भडाभडा बोलत होते. बनवणाऱ्यांनी या वर्षी गार वाऱ्यापासून हात वाचवायला हँडलला नवी ढाल बसवली होती. उघड्या हाताला तिथे भरपूर जागा होती. जाड लोकरी मोज्यातल्या अंगठ्याला नव्हती.

राणी हे घेऊन चैत्रालीकडे गेली. चैत्राली तिची मॅनेजर, पुण्याची, हुशार, आणि नियमाला पक्की. माणूस वाईट नाही, पण तिच्या टेबलावर कागदसुद्धा कडेला समांतर असतात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की हा प्रश्न मंजूर यादीत नाही. सगळ्यांना एकच प्रश्न, एकाच क्रमाने, हा आपला करार. राणी म्हणाली, मंजूर प्रश्नाला सगळे खोटं उत्तर देत असतील तर? चैत्रालीने कपाळ चोळलं.

“राणी, मी तुझ्यावर अविश्वास दाखवत नाहीये. पण client म्हणेल, लोक प्रत्येक गाडीबद्दल असं बोलतात. पुढच्या वर्षीच्या गाड्या याच खटक्याच्या बनणार आहेत, त्यांचं ठरलंय. ते थांबवायचं असेल तर कुणाला तरी लागलेलं असलं पाहिजे, आणि ते मालकाने स्वतःच्या तोंडाने, नाव देऊन, recording वर सांगितलं पाहिजे. शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्ट जाणार. तोवर आणलंस तर मी तुझ्यासोबत आहे.”

म्हणजे घोडं अडलं ते एका माणसापाशी. राणीला एरोची भांडी आठवली, प्लास्टरमधला हात आठवला. त्याची बायको आइला अंगणात घसरली असेलही. पण जन्मभर बर्फात राहिलेली बाई स्वतःच्याच अंगणात घसरते, आणि नेमकी नवी गाडी आल्यावर? राणीला ते पटेना. ज्या गाडीने एकीचा हात मोडला, तसल्याच आणखी गाड्या पुढच्या हिवाळ्यात कुणाकुणाच्या दारात उभ्या राहणार होत्या. ते थांबवण्याची किल्ली त्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात होती, आणि तोंड बंद होतं.

तिने मंगळवारी फोन लावला आणि शेजाऱ्याचा प्रश्न विचारला. एरो म्हणाला, माझा सगळ्यात जवळचा शेजारी तासाभराच्या अंतरावर राहतो, आणि मी माझी गाडी कुणालाच देत नाही. प्रश्न संपला. राणीच्या सगळ्या शास्त्रावर पाणी. तिने विचारलं, आइला कशा आहेत? बऱ्या आहेत, म्हणाला. त्या नेमक्या कशा पडल्या? त्यावर तो थंडपणे म्हणाला, की हे तुमच्या प्रश्नांत येतं का? येत नव्हतं. जाता जाता त्याच्या बोलण्यातून एवढंच कळलं, की गाडी त्याने आइलाच्या भावाकडून घेतली होती. तालुक्याच्या गावात त्याचं दुकान होतं.

आता राणीला सगळं लख्ख दिसलं. मेव्हण्याच्या दुकानातली वस्तू. जगात कुठेही जा, तिला नावं ठेवता येत नाहीत. ठेवली तर आयुष्यभर दिवाळी कडू. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही, आणि ही भीड तर बायकोच्या मोडक्या हातापेक्षा जड निघाली होती. राणीला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण आला नाही. तिने तिच्याच घरात, संत्र्यांच्या ढिगापाशी, हे बघितलं होतं.

गुरुवारी त्याने फोन उचललाच नाही. शेजारच्या टेबलावरच्या निशिकांतने सल्ला दिला, की सोड, तुझ्या खिशातलं काय जातंय. राणीने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने खुर्ची फिरवली. घरी जाऊन तिने खिचडी टाकली, कमलाबाईंशी बोलत बसली, आणि मनाशी पक्कं केलं की उद्या तो बोलेपर्यंत फोन ठेवायचा नाही. मग भले त्याने तोडला तरी पुन्हा लावायचा.

शुक्रवारी दुपारी, म्हणजे तिकडची सकाळ, तिने फोन लावला. चैत्राली कुणी न बोलावता शेजारी येऊन बसली आणि दुसरा हेडफोन तिने कानाला लावला. एरोने उचलला. आवाज थकलेला होता. राणीने सांगितलं, की मी आज गुण विचारणार नाही, आणि तुमची गाडी कुणी उसनी मागितली तर काय, असंही विचारणार नाही. मला एवढंच सांगा, तुम्ही कधी परगावी जाता का?

तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात डोळ्याच्या ऑपरेशनला जायचंय.

“मग रेनडिअरना चारा कोण घालणार? आइलांचा तर हात मोडलाय.”

“मुलगी येईल. हेल्मी.”

“जंगलात गाडी घेऊन तीच जाणार?”

“हो.”

“किल्ली देताना तिला काय सांगाल?”

 पलीकडे कुत्रा भुंकला, थांबला. राणीची जीभ शिवशिवत होती, पण तिने ओठ मिटून धरले. चैत्रालीनेही बोलू नकोस म्हणून तिच्या मनगटावर हात ठेवला. बराच वेळ गेल्यावर एरो बोलला, तेव्हा तो राणीशी बोलत होता की स्वतःशी, ते कळत नव्हतं.

“तिला सांगेन, नवी नेऊ नकोस. शेडमधली जुनी ने.”

एवढं बोलल्यावर त्याचा त्यालाच धक्का बसला असावा. ज्या गाडीला त्याने नऊ गुण दिले होते, त्या गाडीवर तो स्वतःच्या मुलीला बसवायला तयार नव्हता. राणीने हळू आवाजात सांगितलं, की हे असंच लिहायचं तर तुमचं नाव लागेल. तुमच्या मेव्हण्यालाही एक दिवस कळेल. मी तुम्हाला फसवून लिहिणार नाही. पण हेल्मीसाठी तुमच्या शेडमध्ये जुनी गाडी आहे. बाकीच्यांच्या मुलींसाठी नाही.

एरोने मोठा श्वास घेतला. “लिहा,” तो म्हणाला. “माझं नाव लिहा. आइला अंगणात घसरली नव्हती. मीच तसं सांगायला लावलं तिला. खटका अडकला आणि गाडी तिला घेऊन झाडावर गेली. थांबा, मी कशाला सांगतोय? गाडीवर ती होती. तिच्याशीच बोला.”

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. चैत्रालीने हेडफोन काढला आणि उठताना एवढंच म्हणाली, “रिपोर्ट मी थांबवते. तू सगळं घे.”

आइलाचं इंग्रजी तुटकं होतं, पण आवाज खणखणीत. मोजा कोणता होता, अंगठा कुठे अडकला, लाल बटणापर्यंत हात का पोचला नाही, सगळं तिने न अडखळता सांगितलं. जणू कुणीतरी विचारेल म्हणून ती इतके दिवस तयारीत बसली होती. शेवटी नियम म्हणून राणीने विचारलं, की तुमचं हे बोलणं तुमच्या नावासकट पुढे पाठवायला तुमची हरकत नाही ना?

“पाठवा,” आइला म्हणाली. “पण आता जरा लवकर फोन ठेवा. दुकान उघडायच्या आधी मला भावाला गाठायचंय. त्याच्याकडे अजून तशाच गाड्या उभ्या आहेत.”